लिनक्स मिंट : बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलं, त्याचा रिव्ह्यू

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. निकाल आधीच सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून गेलं तरी चालेल. घरात जुना लॅपटॉप पडलाय, मशीन धडधाकट आहे पण विंडोज ११ घेत नाही, आणि वापर म्हणाल तर ब्राउझर, व्हॉट्सॲप, यूट्यूब, लाइट बिल, अधूनमधून एखादं पत्र टाईप करणं, तर लिनक्स मिंट टाका, बिनधास्त टाका. टॅलीवर हिशोब असतील, कोरल आणि श्रीलिपीवर फ्लेक्स-पत्रिका करत असाल किंवा घरात व्हॅलोरंट खेळणारं कार्टं असेल तर नादाला लागू नका. मधले जे उरले, म्हणजे एक्सेलवाले, प्रिंटरवाले, "मला फक्त एकच सॉफ्टवेअर लागतं गं" वाले, त्यांच्यासाठी खालचं सगळं पुराण.

मशीन बाबांचं. पाचव्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, आत ती फिरणारी हार्ड डिस्क. बाबा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेत आणि गावाचा इतिहास लिहीत बसतात, देऊळ, जत्रा, जुने वाडे, कोणाची पाटीलकी कुठून आली वगैरे. फाईलींची नावं "नवीन", "नवीन २", "नवीन फायनल", "फायनल खरं". त्यावर विंडोज १० होतं आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणखी एक वर्ष सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली होती, पण ती मलमपट्टी झाली, पुढे काय हा प्रश्न राहतोच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१५-१६ चा लॅपटॉप कितीही नीट चालत असला तरी कागदोपत्री म्हातारा. नेटवर ही अट चुकवून ११ बसवायचे जुगाड ढीगभर आहेत, पण ४ जीबी रॅमवर ११ चालवण्यात काय अर्थ आहे ते जुगाडवाले सांगत नाहीत. दुकानदाराने अर्थातच "मॅडम, आता नवीनच घ्या" म्हणून सांगितलं. तो तरी दुसरं काय सांगणार.

हार्ड डिस्कचं आधी बोलते. यूट्यूबवर "लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप रॉकेट झाला" टाईपचे व्हिडिओ असतात ना, त्यात बऱ्याचदा मध्येच कुठेतरी गुपचूप एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवलेली असते. मीही बसवली, आणि रॅम ८ जीबी केली. अर्धी जादू त्याचीच आहे. त्या जुन्या डिस्कवर विंडोज काय, मिंट काय, काहीही टाकलं असतं तरी चालू होईपर्यंत चहा झाला असता, त्यामुळे हळूपणाचा सगळा दोष विंडोजच्या माथी मारणारे लिनक्सवाले मला पटत नाहीत. आधी एसएसडी टाका, मग काय ते ठरवा. मिंट अधिकृतपणे २ जीबी रॅम आणि २० जीबी जागेत बसतं, बरं चालायला ४ जीबी म्हणतात. आमच्याकडे नुसतं चालू करून ठेवलं तर सव्वा जीबीच्या आसपास खातं. पुढचं सगळं ब्राउझर खातो, आणि तिथे कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम काही करू शकत नाही.

आता आपल्याकडची खरी गंमत. आपल्या पिढीत कोणी ऑपरेटिंग सिस्टीम "इन्स्टॉल" केलीच नाहीये, आपण विंडोज "मारून" घेतलं. कॉलनीत एक दादा असायचा, त्याच्याकडे सीडींचं पाकीट असायचं, तो यायचा, सी ड्राइव्ह फॉरमॅट मारायचा, विंडोज मारायचा, ऑफिस, व्हीएलसी, विनरार टाकून जाताना दोन-तीनशे रुपये आणि पोहे. एक्सपी खरं होतं का खोटं हे विचारायची पद्धतच नव्हती. त्या एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये बंद झाला तरी पुढे कितीतरी वर्षं सायबर कॅफेत, पतपेढीत, झेरॉक्सच्या दुकानात तेच हिरवं माळरान दिसायचं. लिनक्स मात्र फुकट, कायदेशीर, आणि तरी कोणी घेत नव्हतं. पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, उबुंटू नावाच्या लिनक्सचे लोक तर २०११ पर्यंत मागेल त्याला जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे, पोरांनी मागवल्या पण पुष्कळ, आणि मग त्या आरशासारख्या चमकतात म्हणून खिडकीत टांगल्या. केरळने सरकारी शाळांमधून लिनक्सवर कॉम्प्युटर शिकवला. आपण एमएस-सीआयटी केलं, त्यात विंडोज आणि वर्ड-एक्सेल. नोकरीला तेच लागत होतं, त्यामुळे चूक म्हणणार नाही, पण "कॉम्प्युटर म्हणजे विंडोज" हे डोक्यात तिथेच फिट बसलं.

बसवायचं सोपं आहे. मिंटच्या साईटवरून जेमतेम तीन जीबीची फाईल उतरवा, रूफस किंवा व्हेंटॉय या टूलने पेनड्राइव्हवर चढवा, लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा एस्केप किंवा तुमच्या कंपनीने जे बटण ठरवलंय ते दाबा. पेनड्राइव्हवरूनच अख्खं मिंट चालतं, डिस्कला हात न लावता. एक संध्याकाळ तसंच वापरून बघा : वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, झाकण मिटल्यावर झोपून परत नीट उठतंय का. हे सगळं झालं तरच पुढे जा. विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असाल तर बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची) रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, हे कोणी सांगत नाही आणि नंतर रडारड होते. आणि फाईल उतरवल्यावर तिचा चेकसम (फाईल मूळचीच आहे ना हे सांगणारा आकडा) तपासा म्हणतात ते कंटाळा येतो म्हणून सोडू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच साईट कोणीतरी फोडली होती आणि डाउनलोडची लिंक बदलून आत चोरदरवाजा असलेली फाईल लावली होती. मिंटवाल्यांनी लपवलं नाही, लगेच स्वतः जाहीर केलं, हे त्यांच्या बाजूने मी धरते. पण घडलं होतं एवढं खरं.

मिंट म्हणजे काय ते थोडक्यात. क्लेमेंट लफेव्र नावाच्या माणसाने २००६ साली सुरू केलं, पहिल्या आवृत्तीचं नाव एडा. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव आणि शेवट "आ"ने, २२ वी विल्मा, २२.२ झारा. आतून उबुंटू आहे, २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मागे मोठी कंपनी नाही, देणग्या आणि स्पॉन्सर यांवर चालतं, आणि दर महिन्याच्या बातमीपत्रात कोणी किती दिले त्याची नावानिशी यादी छापतात, अगदी आपल्या गणेशोत्सव मंडळाच्या फलकासारखी. मला हे फार आवडलं. ज्या गोष्टीचा हिशोब दिसतो तिला पैसे द्यायला काही वाटत नाही.

दिसायला ते विंडोज ७ च्या जवळचं. खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. हे मुद्दाम ठेवलंय. २०११ च्या सुमारास लिनक्सच्या दुनियेत सगळ्यांना एकदम काहीतरी क्रांतिकारक करायची हुक्की आली होती, उबुंटूने युनिटी नावाचा डेस्कटॉप आणला, ग्नोम तीन हा दुसरा आला, मेनू गेला, पट्टी गेली, मिनिमाईजचं बटण गेलं, आणि लोक वैतागले. मिंटवाल्यांनी तेव्हा सिनॅमन नावाचा स्वतःचा डेस्कटॉप काढला, ज्याचं एकूण धोरण "जे होतं ते बरं होतं" असं आहे. डिझाईनवाली मंडळी याला नाकं मुरडतात, कंटाळवाणं आहे म्हणतात. आहेच. सत्तरीतल्या माणसाच्या मशीनवर मला कंटाळवाणंच हवं होतं.

पण एक गोष्ट नाहीये. आपल्याकडे पीसी चालू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून तीन-चारदा रिफ्रेश मारायचं हा संस्कार आहे, कोणी लावला देव जाणे, क्लासमध्ये सगळेच मारायचे, मास्तरसुद्धा. मिंटच्या डेस्कटॉपवर राइट क्लिक केलं की नवीन फोल्डर, टर्मिनल उघडा, वॉलपेपर बदला असलं येतं.

"अगं, यात रिफ्रेश कुठंय?"

"नाहीये बाबा."

"मग मशीन फ्रेश कसं होणार?"

याला उत्तर नाही. फाईलच्या खिडकीत एफ५ चालतं एवढं सांगितलं, आता ते रोज सकाळी मन लावून एफ५ दाबतात आणि समाधानी आहेत.

त्यांचा पुढचा प्रश्न, आणि हा प्रत्येकजण विचारतो, की अँटीव्हायरस कुठला टाकलास. काहीच नाही. घरच्या लिनक्सवर बहुतेक कोणी टाकत नाही, सॉफ्टवेअर नेटवरून कुठूनही न उचलता मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतलं की बराचसा धोका तिथेच जातो. पण याचा अर्थ "लिनक्सवर काही होत नाही" असा जो प्रचार करतात तो डोक्यातून काढा. "बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असल्या मेसेजला बळी पडायला कुठलंही ऑपरेटिंग सिस्टीम लागत नाही. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाईल मोबाईलवर उघडलीत तर घरातला लॅपटॉप कितीही सुरक्षित असला तरी बँकेतले पैसे जायचे ते जाणारच.

अपडेटचं मात्र सुख आहे. खाली उजवीकडे छोटी ढाल दिसते, अपडेट आले की तिच्यावर ठिपका येतो. तुम्ही म्हणाल तेव्हा घेतं. बँकेचं काम चालू असताना "कृपया बंद करू नका, ३० टक्के" नाही. वर टाईमशिफ्ट नावाची सोय आहे, ती सिस्टीमचा फोटो काढून ठेवते, अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या तारखेला परत जाता येतं. पहिल्या दिवशी हे चालू करा, बाकी सगळं नंतर. फक्त एक, ते तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप नसतो, तो वेगळा घ्यायचा, बाबांचा इतिहास पेनड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवलाय.

आता मराठीचं, कारण माझ्यासाठी तोच खरा मुद्दा होता आणि इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये याबद्दल एक ओळ सापडत नाही.

टायपिंगला दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउट वाढवायचा, यादीत भारताखाली इनस्क्रिप्ट आहे आणि मराठीचा कगप फोनेटिकसुद्धा आहे. इनस्क्रिप्ट येत असेल तर विषय संपला, पाच मिनिटांत काम चालू, कुठलंही सॉफ्टवेअर उतरवायला नको. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांनी आयबस नावाचं टायपिंगचं टूल टाकायचं आणि त्यात एम१७एन या संचातल्या मराठी पद्धती घ्यायच्या, त्यात फोनेटिक आहे, आयट्रान्स आहे आणि चक्क गमभन ही जुनी मराठी टायपिंगची पद्धतसुद्धा आहे. जुन्या मराठी संस्थळांवर ज्यांनी रात्ररात्र वाद घातलेत त्यांना हे नाव वाचून बरं वाटेल. मोबाईलवर जीबोर्डची सवय असलेल्यांना मात्र चुकल्यासारखं होणार, कारण पुढचा शब्द सुचवणारी ती पट्टी इथे नाही, प्रत्येक अक्षर आपलं आपण लिहायचं. मला ते आवडतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की तो नुक्तावाला ऱ येतो, त्याला हलन्त देऊन य जोडला की "दऱ्या", "सुऱ्या", "बिचाऱ्या" नीट उमटतं, अर्धचंद्रासकट. ळ शिफ्ट आणि एनवर. बाबांना शुद्धलेखनाचं भारी, त्यांनी पहिल्यांदा तपासलं ते हेच.

एक बारीक भानगड आहे जी सगळीकडेच आहे, मिंटची नाही. "ॲप" मधला ॲ दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एक अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखंच, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळं, त्यामुळे फाईलीत शोधायला गेलात तर एक सापडतं, दुसरं नाही. एकदा एक पद्धत ठरवा आणि तीच वापरा.

अडचण सुरू होते जुन्या फाईलींपाशी. महाराष्ट्रात युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत) रुळायच्या आधीची वीसेक वर्षं सगळं मराठी काम श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव असल्या फॉन्टांत झालंय. त्या फाईलीत मराठी अक्षरं नसतातच, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट नसला की ग्रामपंचायतीचा ठराव उघडला तरी समोर नुसता अगम्य कचरा. फॉन्टची फाईल तुमच्याकडे असेल तर मिंटवर तिच्यावर डबल क्लिक करून इन्स्टॉल करता येते आणि मग लिब्रऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं फुकट ऑफिस) मजकूर दिसायला लागतो, वाचण्यापुरतं भागतं. पण त्याच फॉन्टात पुढे टाईप करायला जे सॉफ्टवेअर लागतं ते विंडोजचं. म्हणून वर म्हटलं की फ्लेक्स-पत्रिकावाल्यांनी नादाला लागू नये. आम्ही बाबांच्या जुन्या फाईली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्या, जोडाक्षरं इकडेतिकडे झाली ती त्यांनी बसून दुरुस्त केली, रिटायर्ड मास्तरांना याहून सुखाचं काम नाही.

नवीन युनिकोड फाईलींचाही एक त्रास आहे. आपल्याकडचं जवळपास प्रत्येक सरकारी पत्र मंगलमध्ये असतं. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट, मिंटबरोबर येत नाही. मग लिब्रऑफिस त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट घेतं, तो उंचीला वेगळा, ओळी सरकतात, चार पानांचं पत्र पाचव्या पानावर एकटी सही घेऊन जातं. घरी चालतं. ऑफिसात साहेबांच्या टेबलावर नाही चालत. फाईल पाठवताना पीडीएफ करून पाठवा, निम्मे वाद मिटतात. एक्सेलमध्ये मॅक्रो वापरत असाल तर लिब्रऑफिसवर सगळे चालतील या भरवशावर राहू नका, साधे हिशोब, पगारपत्रकं, बचतगटाचे तक्ते मस्त चालतात. आणि मिंटचा मेनू मराठीत करायला जाऊ नका, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी असं होतं, कुठे काय शोधायचं ते मलाही कळेना.

यापेक्षा मोठा त्रास म्हणजे नेटवरचे लिनक्सवाले. मी सिस्टीमला चांगले मार्क देईन, पण तिच्या भक्तमंडळींना नापास करीन. तुम्ही विचारा, "मिंटवर हेडफोनचा आवाज येत नाही, काय करू?" पहिला म्हणेल मिंट कशाला, फेडोरा (लिनक्सचीच दुसरी जात) घे. दुसरा म्हणेल फेडोरा नको, डेबियन. तिसरा येऊन सांगेल की तो आर्च वापरतो, कोणी विचारलेलं नसतं, ते तो नेहमीच सांगतो, त्यावर जगभर जोक आहेत आणि जोक माहीत असूनही तो सांगतोच. चौथा सिस्टमडीवर घसरतो, पाचवा वेलँडवर (दोन्ही लिनक्सच्या पोटातले भाग), मग दोघांची जुंपते, आणि ज्याचा आवाज येत नव्हता तो शेवटी "सुटलं, थँक्स" लिहून जातो, कसं सुटलं ते न सांगता. पुढच्या दहा वर्षांत ज्या ज्या माणसाला तोच प्रॉब्लेम येईल तो गूगल करून त्याच पानावर येऊन त्या "सुटलं"कडे बघत बसणार. त्यात काही नतद्रष्ट नवख्याला मुद्दाम अख्खी डिस्क पुसणारी कमांड देतात आणि हसतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, कळल्याशिवाय काहीही पेस्ट करायचं नाही, एवढा एक नियम पाळा. आता लोक एआयला विचारतात, तो निदान खेकसत नाही, पण बारा वर्षं जुनी कमांडही तितक्याच आत्मविश्वासाने देतो.

ऑर्कुटच्या काळापासून बघतेय, ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, भांडण चालूच आहे. "यंदाचं वर्ष डेस्कटॉप लिनक्सचं" ही भविष्यवाणी दर वर्षी नव्याने होते. दुसऱ्या बाजूचेही काही कमी नाहीत, "फुकट आहे म्हणजे तसलंच असणार" म्हणणारे, ज्यांनी आयुष्यात विंडोजला एक रुपया दिलेला नाही. आणि मग तो हमखास युक्तिवाद, की तुझा अँड्रॉईड फोन लिनक्सच आहे. आहे बाबा, कर्नल, म्हणजे आतला गाभा, लिनक्सचा आहे, पण त्याने माझा प्रिंटर चालत नाही ना.

उपाय साधा आहे. उत्तर शोधताना मिंटऐवजी उबुंटू २४.०४ म्हणून शोधा, पाया तोच असल्यामुळे बहुतेक उत्तरं लागू पडतात. अपवाद स्नॅपचा. स्नॅप ही उबुंटूची सॉफ्टवेअर द्यायची पद्धत, उबुंटू ती सर्रास वापरतं, मिंटने ती २०२० पासून अडवून ठेवलीये, कारण लोकांनी साधा क्रोमियम ब्राउझर मागितला तर गुपचूप स्नॅप यायचं, हे त्यांना पटलं नाही. त्याऐवजी फ्लॅटपॅक नावाची तशीच पॅकेजं आहेत, आणि २२ पासून ज्या फ्लॅटपॅकची खातरजमा झालेली नाही ते यादीत आपोआप दिसतही नाहीत. हट्टी मंडळी आहेत, पण हट्ट आपल्या फायद्याचा आहे.

प्रिंटर. नेटवर्कवरचे नवे प्रिंटर बरेचदा आपोआप सापडतात, ड्रायव्हरसुद्धा मागत नाहीत. पण यूएसबीवाले छोटे स्वस्त लेझर, जे आपल्याकडे प्रत्येक वकिलाकडे आणि झेरॉक्सवाल्याकडे असतात, त्यांतले बरेच कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय हलत नाहीत. माझ्या दिरांच्या ऑफिसातल्या एकाने तर वैताग आणला, नाव घेत नाही, कागद आत ओढायचा आणि कोराच बाहेर टाकायचा. म्हणून म्हटलं, पेनड्राइव्हवरून चालवून बघताना प्रिंटरही जोडा.

बाकीच्या तक्रारी पटापट. बोटाचा ठसा घेणारे सेन्सर कितीतरी लॅपटॉपवर लिनक्सला कळत नाहीत. काही ओटीटी लिनक्सवर पूर्ण रिझोल्युशन देत नाहीत, बाबांच्या स्क्रीनवर ते कळत नाही, तुमच्याकडे भारी स्क्रीन असेल तर कळेल. व्हॉट्सॲपचं लिनक्सचं अधिकृत ॲप नाही, पण मिंटमध्ये वेब ॲप्स नावाचं छोटं टूल आहे, त्याने व्हॉट्सॲप वेबला स्वतःचा आयकॉन आणि स्वतःची खिडकी करून देता येते, बाबांना फरकच कळला नाही. गेम्सचं म्हणाल तर स्टीमवरचे पुष्कळ चालतात, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या वाल्व्हच्या प्रोटॉनमुळे. पण व्हॅलोरंटचं अँटीचीट विंडोजच्या कर्नलमध्ये घुसून बसतं, त्यामुळे ते नाहीच.

कुठली आवृत्ती घ्यायची म्हणाल तर सिनॅमन. ४ जीबीच रॅम राहणार असेल तर एक्सएफसीई डेस्कटॉपवालं मिंट घ्या, दिसायला थोडं रुक्ष पण हलकं.

आणि नातेवाइकांच्या मशीनवर टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा, टाकणाऱ्याकडेच फोन येणार. तो विंडोज मारणारा दादा आता तुम्ही. त्यामुळे देतानाच नीट लावून द्या : खालच्या पट्टीवर चारच आयकॉन ठेवा, अक्षरं मोठी करा, अपडेट मॅनेजरमध्ये आपोआप अपडेट चालू करा, टाईमशिफ्ट आठवड्याला लावा, फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका म्हणजे "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" वाल्या खिडक्या येणार नाहीत. आणि लांबून त्यांची स्क्रीन चालवायला रस्टडेस्क टाकून ठेवा, नाहीतर फोनवर "खाली उजवीकडे ढाल दिसतेय का" हे समजावता समजावता अर्धा तास जातो आणि मग कळतं की त्यांनी समोर मोबाईल धरलाय.